बंद मडक्यातलं पाणी

"मागे सरा! वाफ आहे, पोळाल कुणीतरी!"

नगरपालिकेच्या चारा डेपोच्या फाटकात शिष्य ओरडत होता आणि गर्दी मागे सरायची सोडून पुढे रेटत होती. पोळायला मिळणार म्हटल्यावर कोण घरी थांबतो! दुधाच्या गाड्या रस्त्यातच अडकल्या होत्या. दुकानदार शटर अर्धं वर करून धावत आले होते. माझ्या शेजारी न्हावी वस्तऱ्यासकट उभा होता आणि त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला फेस लावून.

आत कोपऱ्यातल्या गवताच्या गंजीपुढे गारवाबाबा उभे होते. नखशिखांत पांढरे कपडे, धुऊन वाळत घातल्यासारखी दाढी. त्यांनी डोळे मिटले, उजवा हात खांद्यापर्यंत गंजीत खुपसला आणि किंकाळी फोडून बाहेर काढला. मुठीत काळपट गवत होतं आणि त्यातून भसाभस वाफ निघत होती.

"बघा! काडी नाही, ठिणगी नाही, तरी गवत पेटायला निघालंय! जमीन तहानलीय, लेकरांनो! पाणी मागतेय!"

मग शिष्यानं त्याच खड्ड्यातून एक मडकं बाहेर काढलं. लाल रंगाचं, चकचकीत, तोंडावर लाखेचं सील. काही आठवड्यांपूर्वी बाबांनीच ते गंजीच्या रक्षणासाठी पाणी भरून आत पुरलं होतं.

"हे सील कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"माझं," बियाण्यांचे दुकानदार पुढे झाले. "माझ्या अंगठीचा ठसा आहे. जसाच्या तसा आहे."

बाबांनी सील फोडलं, मडकं उलटं केलं. एक थेंब पडला नाही.

"तोंड बंद, सील शाबूत, मग पाणी गेलं कुठं? जमिनीनं ओढून घेतलं!"

अर्ध्या गर्दीचे हात जोडले गेले. न्हाव्याच्या हातून वस्तरा निसटला. थोडक्यात माझा पाय वाचला. मला हसू येणार होतं, पण बाबांचं पुढचं वाक्य ऐकलं आणि ते विरलं.

"पाणी देऊनही ही शांत होत नाही. कारण हिला कोणीतरी रोज तापवतंय. या आवारात एका बाईचा वावर आहे. तिच्या पायांत आग आहे!"

सगळ्या माना वळल्या. डेपोच्या ओसरीवर हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकच बाई उभी होती. माझी थोरली बहीण.

भावोजी गेल्यावर डेपोच्या राखणदाराची नोकरी ताईला मिळाली होती. नोकरीबरोबर गोदामाच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्या. तिथे ती आणि तिची सासू राहत. सासूबाईंचे पाय अधू. त्या खाटेवरूनच जग चालवत. गावातल्या गुरांचा उन्हाळ्याचा सगळा चारा ताईच्या ताब्यात असे, आणि तिच्या कारकिर्दीत एक पेंढी इकडची तिकडे झाली नव्हती. आता तिच्याकडे लोक असे बघत होते, जणू तिनं अंगावर साप घेतलाय. शेजारीण, जी रोज तिच्याकडून दूध नेई, तिनं आपल्या पोरीला पाठीमागे ओढलं.

ताईनं फक्त आपल्या पायांकडे पाहिलं. मला तेवढं पुरे होतं. त्या क्षणी माझा जो संताप झाला, तो आजही पुरता उतरलेला नाही.

"बाईला आजच्या आज काढा," बाबा म्हणाले. "तिच्या जागी माझा शिष्य बसेल. आणि गावातल्या प्रत्येक गंजीत माझं मडकं. नाहीतर हा सगळा डेपो राख होईल!"

हे ठरवायचं काम आमचं होतं. आमचं म्हणजे नगरपालिकेच्या कृषी सल्लागार समितीचं. मी गुरांचा डॉक्टर, त्यामुळे समितीवर. बियाण्यांचे दुकानदार समितीवर, कालव्याचे इंजिनिअर समितीवर, बंबखात्याचे प्रमुख समितीवर, आणि अध्यक्षांना शेतीतलं काही कळत नसल्यामुळे ते अध्यक्ष. आमच्या समितीची ख्याती अशी की पेरणीचा विषय घेतला तर निर्णय होईपर्यंत पीक कापणीला येई. पण त्या दुपारी मात्र सगळे वेळेवर हजर होते.

सभागृहाच्या खिडक्यांना बाहेरून माणसं लोंबकळत होती. ताई दाराबाहेर बाकावर बसली होती. तिच्या शेजारची जागा कोणी घेतली नव्हती.

बाबा एक नवं मडकं घेऊन आले होते. आमच्यादेखत ते नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलं गेलं, तोंडाला लाख लागली आणि अध्यक्षांनी तिच्यावर नगरपालिकेचा शिक्का उमटवला. शिष्यानं टेबलावर कापूस भरलेली जाडजूड लाल चुंबळ ठेवली आणि तिच्यात मडकं बसवलं.

"पालिकेचं सील," बाबा म्हणाले. "आता तरी शंका नको. सभा संपली की हे डेपोत पुरतो."

"शंका आहे," मी उभा राहिलो. "मडकं मातीचं आहे. मातीचं मडकं पाझरतं. आपल्या प्रत्येकाच्या घरात पाणी याच कारणानं गार राहतं. गवतात पुरलेलं मडकं पाझरलं तर सगळं पाणी गवतात जातं, आणि दाबून रचलेलं गवत ओलं झालं की आपोआप तापतं. मी हे गोठ्यांमधून पाहिलंय."

बाबा गोड हसले. मडक्यावर टिचकी मारली. "बेटा, याला लाखेचा रंग आहे. कुठं दिसतोय पाझर? हात लावून बघ."

मी हात लावला. पोटाला आणि गळ्याला कोरडं ठणठणीत. बुडाला हात लावू गेलो तर शिष्यानं माझं मनगट धरलं. "चुंबळीखाली परका हात चालत नाही."

"शिवाय डॉक्टर भाऊ आहेत त्या बाईंचे," दुकानदार म्हणाले. "भाऊ दुसरं काय बोलणार?"

"आणि याआधी ज्या दोन गंज्या गावात जळल्या?" मी विचारलं. "दोन्हींत यांचं मडकं होतं. हे तरी खरं की नाही?"

"होतं म्हणूनच निम्मी निम्मी वाचली!" दुकानदारांनी टेबलावर हात आपटला. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

गंजी जळाली तरी मडक्याचं यश, वाचली तरी मडक्याचंच. आमच्या गावात मडक्याविरुद्ध साक्ष देणारं काही उरलंच नव्हतं.

अध्यक्षांनी ठराव मांडायला घसा खाकरला. तेवढ्यात माझी नजर चुंबळीवर गेली. मडक्याच्या पोटाला इतका रंग आणि बुडाला हात लावायची बंदी का? एवढ्याशा मडक्याला उशीएवढी चुंबळ कशाला? उत्तर एकच होतं. बूड कच्चं होतं आणि चुंबळ पाणी पीत होती. पण कापूस किती पाणी पिईल? भरेल कधीतरी. मला फक्त वेळ हवा होता.

"अध्यक्षमहाराज, हरकत," मी म्हणालो. "विषयपत्रिकेत हा विषय शेवटी आहे. क्रम मोडला तर ठराव बेकायदा ठरेल."

अध्यक्ष थबकले. कायद्याला ते फारसे भीत नसत, पण 'बेकायदा' शब्दाला भीत. "बरं, क्रमानं घ्या. पण लवकर आटपा."

मी लवकर आटपू देणार नव्हतो. कालव्याच्या पाळ्यांचा विषय निघाला आणि मी इंजिनिअरांना विचारलं की शेपटाकडच्या शेतांना पाणी का पोचत नाही. हा प्रश्न त्यांना कोणी मनापासून विचारला नव्हता. ते गहिवरून फळ्यापाशी गेले आणि त्यांनी उगमापासून कालवा काढायला घेतला. मग भेसळीच्या बियाण्याचा विषय आला. त्यावर दुकानदार स्वतःच पेटले. भेसळ ते सोडून सगळे दुकानदार करतात, हे त्यांनी उदाहरणांसह सांगितलं. मी मधूनमधून "जरा सविस्तर सांगा ना" एवढंच म्हणत होतो आणि डोळा चुंबळीवर ठेवून होतो.

लाल कापडावर मडक्याला चिकटून एक गडद कड आली होती. फार बारीक. मला ती दिसत होती ती हवी होती म्हणून की खरंच होती, ते कळेना. बाहेर गर्दीचा धीर सुटत चालला होता. कोणीतरी ओरडलं, "बाईला काढा, मग बोलत बसा!" दाराच्या फटीतून मला ताई दिसली. ती ताठ बसली होती आणि तिनं दोन्ही पाय बाकाखाली लपवले होते. आपल्या पायांची लाज वाटायला लावली होती त्यांनी तिला.

मी गुरांच्या लसीकरणाचा विषय घेतला आणि जन्मात बोललो नव्हतो एवढं बोललो. खुरांच्या रोगावर बोललो, गोचिडांवर बोललो. इंजिनिअर पेंगू लागले. गडद कड आता दोन बोटं रुंद झाली होती.

हे माझ्याआधी बाबांनीही पाहिलं असावं. त्यांनी खूण केली. शिष्य बगलेत दुसरी, कोरडी चुंबळ घेऊन पुढे आला.

"आसन बदलायची वेळ झाली," बाबा म्हणाले.

"थांबा!" माझा आवाज चिरकला. "त्यावर पालिकेचं सील आहे. सभा चालू असताना पालिकेच्या सीलला बाहेरच्या माणसाचा हात? अध्यक्षमहाराज, हे चालतं?"

"अजिबात नाही," अध्यक्ष तडकले. स्वतः उमटवलेल्या शिक्क्याचा त्यांना भारी अभिमान. "हात मागे!"

शिष्य मागे झाला. बाबा उठले. "वेळ टळतेय. मला निघायला हवं. मडकं नेतो."

"ठराव करूनच जा," अध्यक्ष म्हणाले. "डॉक्टर, पुरे झाली तुमची गोचिडं! बाईंना कामावरून कमी करून खोल्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या करायचा हुकूम मी सहीला घेतो. हात वर करा."

दुकानदारांचा हात वर गेला. इंजिनिअरांचा गेला, अर्धवट झोपेतच. बंबखात्याचे प्रमुख माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे आता एकही रोग शिल्लक नव्हता.

अध्यक्षांनी हुकूम टेबलावर पसरला, कोपर टेकवलं, आणि ओरडत हात वर घेतला. बाही कोपरापर्यंत भिजली होती. चुंबळीच्या खालून पाण्याचा ओघळ निघून टेबलभर पसरला होता आणि हुकुमाचा कागद त्यात पोहत होता.

बाबांचं डोकं सगळ्यांत आधी चाललं. दोन्ही हात वर करून ते गरजले, "रडतंय! मडकं रडतंय! तुमच्या अविश्वासानं त्याच्या डोळ्याला पाणी आलं!"

खिडकीतून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मी सीलकडे बोट दाखवलं.

"अध्यक्षमहाराज, सील बघा. फुटलंय?"

"नाही. जसंच्या तसं आहे."

"आणि बाबा म्हणतात, मडकं रडतंय. म्हणजे सील शाबूत असताना पाणी बाहेर येतं, हे बाबांनीच कबूल केलं. मग सकाळच्या मडक्यातलं पाणी जमिनीनं प्यायला कशाला हवं?"

मी मडकं उचलून आडवं केलं. वरचा दोन तृतीयांश भाग रंगवलेला, बूड उघडं, कच्चं भाजलेलं, वाळू मिसळलेल्या मातीचं. त्यातून घाम फुटावा तसं पाणी झिरपत होतं. मी ते खिडकीशी नेऊन धरलं. ज्यांनी सकाळी हात जोडले होते, त्यांनी एकेक करून बुडाला बोट लावलं आणि आपलंच ओलं बोट बघत राहिले.

"पण डॉक्टर," बंबखात्याचे प्रमुख पहिल्यांदाच बोलले, "हे जर खरं, तर जिथं जिथं मडकं पुरलंय तिथं गवत आतून शिजतंय."

आणि अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मोठ्या गोदामात आहेत," ते पुटपुटले.

"काय आहेत?"

"मडकी. बाबांनी कोपऱ्यातल्या गंजीबरोबरच ठेवली होती. भिंतीकडच्या बाजूला. मीच परवानगी दिली. समितीला विचारायचं... राहून गेलं."

भिंतीकडची बाजू म्हणजे ताईच्या खोल्यांची बाजू. भिंतीपलीकडे खाटेवर सासूबाई होत्या.

दार उघडून मी काही सांगायच्या आत ताई बाकावरून उठून धावत सुटली होती. तिनं ऐकलं होतं. तिच्यामागे मी, माझ्यामागे समिती, आणि समितीमागे सगळी गर्दी. आमची समिती धावताना गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

गोदामाचं दार उघडलं आणि वास आला. गोडसर, करपट, साखर जळाल्यासारखा. धूर दिसत नव्हता. ताई थेट खोलीत घुसली. भिंतीला हात लावून तिनं झटकन मागे घेतला. भिंत गरम होती.

"काय झालं गं?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "एवढी माणसं कशाला आणलीस? आणि हे काय ऐकतेय मी, तुझ्या पायांनी गवत पेटतं म्हणे? कोण म्हणतो तो मेला? हिच्या पायांत आग असती तर मला चुलीला काड्या कशाला मागवाव्या लागल्या असत्या!"

"आत्या, नंतर बोलू," ताईनं खाटेचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. उरलेली दोन टोकं धरायला जे दोघं पुढे आले, त्यांतला एक सकाळचा न्हावी होता. खाट सासूबाईंसकट, त्यांच्या शिव्यांसकट, मैदानात आली.

तोवर बंब आला होता. दोन-चार उत्साही माणसं गवत उपसायला धावली, तर प्रमुखांनी त्यांना हिसडून मागे ओढलं. "हवा लागली तर भडकेल! आधी पाणी, मग गवत!" त्यांनी दोन लांब पहारी मागवल्या. एक भिंतीकडच्या बाजूला, जिथं मडकी होती तिथं, आत ठोकली. दुसरी त्याच गवतात, पण समोरच्या टोकाला, जिथं मडकं नव्हतं. दोन्ही थोडा वेळ तशाच राहू दिल्या.

पहिली पहार ओढून काढणाऱ्या जवानाच्या हातात जाड हातमोजे होते, तरी त्यानं ती दण्णकन खाली टाकली. ओल्या मातीवर पडून ती चर्र वाजली. दुसरी पहार प्रमुखांनी स्वतः उघड्या हातानं काढली आणि गर्दीकडे धरली. लोकांनी हात लावून पाहिला. गार होती.

"गवत एकच," मी सांगितलं. आवाज चढवायची गरज नव्हती. "एकाच दिवशी रचलेलं. या बाईचा वावर दोन्ही टोकांना सारखा आहे; रोज सगळ्या गोदामात फिरते ती. फरक एकच. तिकडे मडकी आहेत, इकडे नाहीत. ओल लागली की गवतात बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात. ते वाढताना उष्णता निघते. गवत दाबलेलं असलं की ती बाहेर पडत नाही, साठत जाते. आधी वाफ, मग धूर, मग आग. बाबा नुसती वाफ असतानाच येऊन गंजी उपसतात, वारा लागून ती निवते आणि तुम्ही पाया पडता. यायला उशीर झाला की ती जळते, आणि दोष कुणाच्या तरी पायांवर जातो."

बाबांना शोधायला माना वळल्या. गर्दीच्या रेट्यात इथवर आलेले ते सटकायला फाटकाशी पोचले होते, आणि गर्दीत पुन्हा अडकलेल्या दुपारच्या दुधाच्या गाड्यांमुळे तिथेच राहिले होते. गवळ्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. पोलीस येईपर्यंत ते भूमातेशी बोलत होते. भूमाता त्यांच्याशी काही बोलली नाही.

दिवस मावळेपर्यंत पाण्याचा फवारा धरून थर थर गवत काढलं. काळं पडलेलं गवत, त्यात लाल मडकी, सगळी सीलबंद, सगळी रिकामी. डेपो वाचला. काही चारा गेला, बराच राहिला.

अध्यक्ष ताईपाशी आले. बाही अजून ओलीच होती. "बाई, झालं गेलं विसरा. हुकूम रद्द. पुढच्या सभेत तशी नोंद करून घेतो."

ताई सासूबाईंच्या पायांवर चादर घालत होती. ती वळली.

"नोंद नको," ती म्हणाली. "सकाळी माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते सभेत नाही बोललं गेलं, इथं बोललं गेलं. या सगळ्यांसमोर. तुम्हीही इथंच होता आणि गप्प होता. आता इथंच बोला."

अध्यक्षांनी इकडे तिकडे पाहिलं. मग ते खाटेशेजारच्या दगडावर चढले आणि बोलले. आवाज बसला होता, वाक्यं अडखळत होती, पण बोलले. बाईंच्या पायांत काही नाही, दोष मडक्यांचा आहे आणि मडकी आत ठेवायची परवानगी माझी, हे त्यांनी गावासमोर सांगितलं. त्यांच्याबद्दल मला तेवढ्यापुरता आदर वाटला.

लोक पांगू लागले. शेजारीण घुटमळत ताईजवळ आली. आता ही माफी मागेल असं मला वाटलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "पण ताई, तरीही... उगाच कशाला, थोडे दिवस चप्पल घालूनच फिरत जा ना गोदामात."

ताई तिच्याकडे बघत राहिली आणि रडली. दिवसभरात पहिल्यांदा, आणि पुष्कळ रडली. सासूबाई तिचा हात धरून बसल्या.

मडक्याचं विज्ञान त्या दिवशी सगळ्यांना समजलं होतं. तेवढ्यानं काम संपलं नव्हतं, म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर तो तपासायला मागा. हात लावू देत नसेल, झाकलेलं उघडू देत नसेल, तर समजा की तिथंच काहीतरी आहे. चमत्कार जिथं झाला नाही तिथंही एक पहार ठोकून बघा. आणि त्या चमत्कारासाठी जर कोणा माणसाकडे बोट दाखवलं गेलं, तर पुराव्याची वाट बघत लांब उभे राहू नका. आधी जाऊन त्या माणसाच्या शेजारी बाकावर बसा.